रीळ हलतंय तोवर

३ मे

वन्सं,

नमस्कार. काल फोनवर तुम्ही सारखं "काय? काय म्हणालीस?" केलंत आणि शेवटी "बरं बरं, सगळं ठीक" म्हणून ठेवूनही दिलात. तुमचा तो फोन दुरुस्त तरी करून घ्या, नाहीतर भंगारात द्या. मला सांगायचं होतं ते सगळं राहून गेलं, म्हणून हे पत्र. लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

भिंगरीने हट्टच धरलाय. सुट्टीत आत्याकडे जायचं, तेही आईशिवाय. तेरा वर्षांची झाली, आता एकदा नाही म्हटलं की नाही. कारण विचारलं तर म्हणते, "आत्या दाराशी उभी राहत नाही." म्हणजे मी राहते. राहते खरी. आकडी औषधाने कमी झालीय, गेलेली नाही, आणि यायची असते तेव्हा ती सांगून येत नाही. पोर उभी असेल तिथे कोसळते. कपाळावरचे टाके तुम्ही पाहिलेच आहेत, ती टेबलाच्या कोपऱ्याची कृपा. दंडावरचा डाग शेगडीचा. आता आंघोळीला आत गेली की मी बाहेर उभी. त्यावरून रोज आमची जुंपते.

माझं कामच वाईट, वन्सं. दिवसभर कारखान्यात बाटली दिव्यासमोर धरायची आणि तडा शोधायचा. घरी आले तरी नजर तीच. तुमचं घर डोळ्यांसमोर आणलं तर मला कात्र्याच दिसतात. पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरी सुया, इस्त्री, टोकदार मेजं असणारच, पण जरा आवरा. इस्त्री तापलेली असताना तिला जवळ फिरकू देऊ नका. शेगडी वापरायचीच तर मागची. न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ, बादली अर्धीच, पाणी कोमट. आतून कडी नको. आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं करून घ्या. आतल्या बाजूला उघडणारं असलं आणि पोर दाराशीच पडली, तर तिच्याच अंगाने दार अडतं आणि आपण बाहेर बोंबलत राहतो. हे मी अनुभवलंय.

आकडी आलीच तर धरून ठेवू नका, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी, अंग कुशीवर, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवा, माझी वाट बघू नका.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. आमच्याकडे आंघोळ करताना मोठ्याने गाणं म्हणायचा नियम आहे. गाणं चालू तोवर मी बाहेर, गाणं थांबलं की मी आत. तुम्हीही तेच करा. कान तेवढा दाराकडे ठेवा, म्हणजे मला इथे दोन घास जातील.

तुमची,
वहिनी


८ मे

वहिनीसाहेब,

हुकूमनामा पोचला. वाचून झाला तेव्हा चहा गार झाला होता, तो पुन्हा तापवला (मागच्या शेगडीवर, घाबरू नकोस).

अगं, माझं घर म्हणजे काय दारूगोळ्याचं कोठार आहे? तरी तुझ्या समाधानासाठी सगळं केलं. मेजांच्या कोपऱ्यांना पडद्याच्या अस्तराच्या गाद्या शिवून बसवल्या. इतक्या सुबक झाल्यात की शेजारीण विचारत होती, ही नवी फॅशन का? सुया डब्यात, कात्र्या वरच्या फळीवर. इस्त्री पहाटेच आटपून टाकीन, पोरगी उठेपर्यंत थंडगार. न्हाणीत रबराची चटई घातली.

दाराचं मात्र मला हसूच आलं होतं. सुतार म्हणाला, "बाई, चांगलं दार उलटं का करताय?" मी म्हटलं, आमच्या वहिनीपुढे कोणाचं चाललंय का आजवर? त्याने मुकाट्याने बिजागऱ्या फिरवल्या. आता दार बाहेर उघडतं आणि मी येता-जाता त्यावर आपटते. पोरीचं होईल ते होवो, माझ्या कपाळाला टेंगूळ आलंय.

गाण्याचं म्हणशील तर ते मी बघते. तू काळजी सोड.

तिला लवकर पाठव. या घरात मशीन सोडलं तर कोणी बोलत नाही.

वन्सं


१६ मे

वन्सं,

तुमचे बंधुराज पोरीला सोडून परत आले. म्हणाले, "ताईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, भाचीलाच मिठी मारून बसली." लागलं आहे त्यांना. पुढच्या खेपेला ट्रक घेऊन निघण्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं, की ताई काही म्हणाली का त्यांच्याबद्दल. मी सांगितलं, हो, खूप कौतुक केलंय. तेवढं सांभाळून घ्या.

घर अगदी गप्प झालंय. काल मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि मग आठवलं की आत कोणीच नाही.

गाते ना? कोणतं गाणं म्हणते? तिला हल्ली त्या गाण्यांचा कंटाळा यायला लागला होता, म्हणून विचारते.

वहिनी


२० मे

वहिनीसाहेब,

गाते गं, छान गाते. आवाज तुझ्यावर गेलाय. गाण्याचं नाव विचारू नकोस, नवीन गाणी मला कुठली माहीत असायला.

बाकी मजेत. परवा आमच्या छोट्या बाईसाहेबांनी पडद्याला चुण्या घालायला शिकून घेतलं. पहिला पडदा असा झाला की एक बाजू गुडघ्यापर्यंत आणि दुसरी जमिनीवर लोळतेय. तो मी माझ्याच खिडकीला लावलाय, कोणी काही म्हणो. औषध वेळेवर घेते, मला आठवण करावी लागत नाही. उलट माझ्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण तीच करते. जेवताना मात्र पुस्तक वाचते आणि माझ्याकडे बघत नाही. ती सवय कोणाची ते तू तुझ्या नवऱ्याला विचार.

बंधुराजांना म्हणावं, पाणी विचारलं होतं. त्यानेच ऐकलं नाही.

वन्सं


२४ मे

आई,

मी मजेत आहे. तू नीट जेव.

आत्याकडे आंघोळ करताना गाणं म्हणायला लागत नाही! मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं. आणि मग मुद्दाम थांबले, बघू आत्या आत येते का म्हणून. नाही आली. बाहेर येऊन बघते तर आत्या शांतपणे मशीन चालवतेय आणि दाराकडे एकटक बघतेय. मी तिच्या मागे जाऊन हाक मारली, तरी तिला कळलं नाही. आई, आत्याला ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याचं तोंड बघून तिला समजतं. मला तिने सांगितलं आणि म्हणाली, आईला सांगू नकोस. पण मी तुला सांगतेय, कारण आम्ही त्यावर फार भारी युक्ती काढलीये आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आत्याने न्हाणीच्या झरोक्यातून पडद्याची दोरी ओवलीये. दोन छोट्या कप्प्यांच्या चाकांवरून ती थेट मशीनपर्यंत जाते. तिकडच्या टोकाला मोठं लाल रीळ टांगलंय, अगदी आत्याच्या नाकासमोर. माझ्याकडच्या टोकाला फास आहे, तो मी मनगटात घालते. मधूनमधून हात हलवला की रीळ उडी मारतं. रीळ हलतंय तोवर आत्या शिवत बसते. थांबलं की उठते.

आई, गाताना विचार करता येत नाही. इथे मला आंघोळ करताना खूप काय काय सुचतं.

तुझी,
भिंगरी


२७ मे

वन्सं,

मी रागावलेय. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना चूक व्हायला नको.

तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं, "कान दाराकडे ठेवा." त्यावर तुम्ही लिहिलंत, "ते मी बघते." आवाज माझ्यावर गेलाय म्हणे! मी तुमच्या फोनला नावं ठेवत बसले आणि फोन बिचारा धडधाकट. पोर पहिल्या दिवशी आत गप्प बसली होती, तेव्हा खरंच पडली असती तर? मला विचारच करवत नाही.

आणि दोरी! पाण्याजवळ, आकडी येणाऱ्या पोरीच्या मनगटाला फास! ती स्टुलावरून खाली गेली की दोरी ताणणार, हात वर लटकणार, नाहीतर तीच दोरी गळ्याशी येणार. तुम्ही पडद्याचा विचार केलात, पोरीचा नाही केलात. पडदा पडत नाही, वन्सं. पोर पडते.

ती दोरी आजच्या आज काढा. मी सुट्टी मागितलीय. सात तारखेच्या रविवारी येते आणि तिला घेऊन जाते. तिला अजून सांगू नका, रडेल.

मला तुमचं फार वाईट वाटतंय आणि तुमचा फार रागही येतोय. दोन्ही एकदम.

वहिनी


३१ मे

वहिनी,

आज "साहेब" लावायची माझी हिंमत नाही.

तू म्हणतेस ते खरं आहे. डावा कान केव्हाच गेला, उजवा कधीमधी पाहुण्यासारखा येतो आणि बसायच्या आत जातो. गिऱ्हाइकांना कळत नाही. ती पडद्याचं माप सांगतात, मी तोंड बघते आणि शेवटी कागदावर लिहून घेते. तुला का नाही सांगितलं? तू पोरीला पाठवली नसतीस म्हणून. एवढंच. बहिऱ्या बाईच्या हवाली कोण करील आपलं लेकरू? आणि वहिनी, ऐकू येत नाही असं कळलं की माणसं आपल्याशी बोलायचंच सोडून देतात. "जाऊ दे, काही नाही" म्हणतात. ते "काही नाही" मला तोंडावरून बरोबर ओळखू येतं. ही पोरगी तसं म्हणत नाही. ती माझ्या समोर येऊन, हनुवटीला धरून माझं तोंड वळवते आणि मग बोलते.

तू दोरीला जी खोट काढलीस ती मात्र सोळा आणे बरोबर. पत्र वाचून तसंच मेजावर टाकलं. मी त्याच वेळी कात्री घेऊन फास कापला. मग पोरगी तोंड फुगवून बसली, म्हणून आम्ही दोघींनी बसून दुसरं काहीतरी काढलं. आता मनगटात नुसता मऊ इलॅस्टिकचा पट्टा. तो दोरीला जोडलाय कच्च्या दोऱ्याने, आम्ही शिवण पक्की करण्याआधी तात्पुरते टाके घालतो त्या दोऱ्याने. जरा जोर पडला की तो तुटतो. दोरी भिंतीला चिकटून वर निघून जाते, आणि रीळ माझ्यासमोर धाडकन खाली येतं. म्हणजे उडी मारली की ठीक, थांबलं तर मी उठायचं, आणि पडलं तर धावायचं.

पहिल्या सकाळी पोरीने उत्साहात हात झटकला, दोरा तुटला आणि मी आत घुसले. साबणाच्या फेसात बसलेल्या मुलीने जो काय चेहरा केला! ऐकू येत नाही हे त्या दिवशी बरंच झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता हात बसलाय तिचा.

तू येऊन घेऊन जा. तुझा हक्क आहे. पण एकदा समोर बसून बघ आणि मग ठरव. माझं एवढंच मागणं आहे.

वन्सं


४ जून

वहिनी,

शेजारणीने काल तुला फोन केलाच. ती फार घाईत बोलते आणि निम्मं गाळते, म्हणून मी सगळं लिहिते. आधी हे वाच की पोर ठणठणीत आहे. समोर बसून ब्रेड खातेय आणि माझ्या मेजावर चुरा पाडतेय.

काल सकाळी आंघोळीला गेली. रीळ उड्या मारत होतं. मी एका लांबलचक पडद्याची काठपट्टी घालत होते. आणि रीळ पडलं. माझ्या बोटांवरून मशीनवर, मशीनवरून खाली. मला आवाज आला नाही, पण वहिनी, ते लाल रीळ घरंगळत दाराकडे गेलं ना, तसं माझं काळीजच गेलं.

पोर दाराशीच पडली होती, पाय दाराला लागलेले. दार बाहेर उघडलं. जुनं असतं तर मी ते ढकलत बसले असते आणि तिला आणखी लागलं असतं. बिजागऱ्यांवरून तुला हसले होते ते मी गिळलं. बादली बाजूला ढकलली, डोकं माझ्या मांडीवर घेतलं, कुशीवर वळवलं. धरून ठेवलं नाही. तोंडात काही घातलं नाही. घड्याळ बघत बसले आणि तुझं पत्र डोक्यात वाचत बसले. दोन मिनिटं गेली असतील. मला दोन वर्षं वाटली. कोपराला थोडं खरचटलंय, बाकी काही नाही. मग ती झोपली, डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, औषध थोडं वाढवू, घाबरण्यासारखं नाही.

उठल्यावर तिने माझं तोंड वळवलं आणि विचारलं, "आत्या, आता आई न्यायला येणार ना?" मी म्हटलं, येणार. तर म्हणाली, "मग आजच मला आणखी एकदा दार लावून आंघोळ करू दे. उद्यापासून मिळणार नाही." मी नाही म्हटलं, थकलीस म्हणून. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला तिचं रडणं ऐकू येत नाही, खांदे दिसतात.

पिशवी भरून ठेवत नाही मी. तू ये, आणि तूच भर किंवा भरू नकोस.

वन्सं


१८ जून

वन्सं,

पोर घरी सुखरूप पोचली. तुम्ही दिलेलं पार्सल उघडलं, कप्प्या दोनच निघाल्या, तिसरी बंधुराजांनी ट्रकमध्ये हरवली. आम्ही इथे दोनातच भागवलं. रीळ हिरवं आहे, लाल मिळालं नाही.

त्या रविवारी मी काही बोलले नाही ना, ते आता लिहिते. मी रिकामी पिशवी घेऊनच आले होते. तुम्ही मला मशीनसमोर बसवलंत, पोर आत गेली, दार लागलं आणि मी रीळ बघत बसले. मला वाटलं होतं, माझा जीव जाईल. रीळ हलायचं, थांबायचं, मी उठायला बघायचे आणि पुन्हा हलायचं. मग एकदा ते इतकं हललं, नुसतं नाचायलाच लागलं, आणि मला कळलं की आत ती एकटीच हसतेय. माझी पोर एकटी असताना हसते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या पहाऱ्यात ती कधी एकटी नव्हतीच. म्हणून पिशवी रिकामीच परत नेली. तुम्हाला वाटलं मी रुसून लवकर निघाले. मी रडत होते आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून तोंड फिरवून बसले होते. तुमच्यापुढे तोंड फिरवणं म्हणजे बोलायचं बंद करणं, हे नंतर बसमध्ये लक्षात आलं. माफ करा.

मी खोट काढणारी बाई, पण मी एकटीने काढलेली दोरीची खोट अर्धीच कामाची होती. दार मी सांगितलं, दोरी तुम्ही ओवली, कच्चा दोरा आपल्या भांडणातून आला. आपण अशाच भांडत राहू.

आता तुमची पाळी. आमच्या इथल्या कानाच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव घातलंय. पुढच्या महिन्यात बंधुराज ट्रक घेऊन तुमच्याकडूनच येणार आहेत, शेजारच्या सीटवर बसून मुकाट्याने यायचं. यंत्र बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण एकटीने सगळं बघत बसायचे दिवस संपले, आता आम्हीही बघणार. नाही म्हणालात तर मी तुमच्याकडेच राहायला येईन आणि मग तुमच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या फिरवीन.

आणखी एक सांगते. कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या भावालासुद्धा. भिंगरीला पहिली आकडी आली तेव्हापासून मी कधी न्हाणीघराचं दार पुरतं लावलं नव्हतं. माझ्या आंघोळीच्या वेळी. एक फट ठेवायची, पाणी ओतताना थांबायचं, कान लावायचा आणि पुन्हा ओतायचं. केस धुतले तर घाईघाईत, निम्मा साबण तसाच. इतकी सवय झाली होती की हे विचित्र आहे असंही वाटत नव्हतं. पोरीनेच परवा विचारलं, "आई, तू दार का नाही लावत? मी मोठी झालेय. शेजारच्या काकू बसल्यात माझ्याजवळ."

तर काल मी दार लावलं. कडीसुद्धा घातली. पूर्ण बादली भरून घेतली, कढत. पहिल्यांदा काय करायचं तेच सुचेना, नुसती बसून राहिले. मग केस सोडले. सावकाश धुतले, दोनदा. पाणी संपलं तशी दुसरी बादली लावली.

बाहेरून लेक ओरडली, "आई, झालं का?"

मी म्हटलं, "नाही गं. मला वेळ लागेल."

तुमची,
वहिनी